लग्नात वधूवरांनी बोलावे काय?

मे महिन्यात बेळगावातील कोणत्याही मंगल कार्यालयात तासभर बसून पाहा. तेथे सर्वांत कमी कोण बोलते? भटजी बोलतात, तेही माइकवरून. आत्या, मावश्या आणि शाळेत एकेकाळी गाण्यात बक्षीस मिळवलेल्या वहिनी मंगलाष्टका म्हणतात. मध्येच कार्यालयाचे व्यवस्थापक येऊन, दारात आडवी लावलेली मोटार कोणाची आहे ती काढावी, असे सांगून जातात. पहिली पंगत बसल्याची वार्ता तर सर्वांत उत्साहाने दिली जाते. वऱ्हाडी मंडळी मुळी बोलण्यासाठीच आलेली असतात. एवढ्या गलबल्यात गप्प असतात ती दोघेच, ज्यांचे लग्न आहे ती!

नाही म्हणायला वराला भटजींच्या मागून काही संस्कृत शब्द म्हणावे लागतात. ते त्याला कळलेले नसतात, आणि कळलेले नाहीत हे भटजींनाही ठाऊक असते. वधूची पाळी येते ती उखाण्याच्या वेळी. उखाणा हा आपल्या भाषेचा एक गोड अलंकार आहे आणि मला तो आवडतो. पण उखाण्यात वधू नवऱ्याचे नाव यमकात बसवते, एवढेच. ती त्याला काही विचारत नाही आणि आपणही काही कबूल करत नाही. अलीकडे तर तो उखाणाही बाजारातल्या पुस्तिकेतून किंवा मोबाइलमधून उतरवलेला असतो.

माझे म्हणणे असे की, वधूवरांनी एकमेकांना द्यायची वचने स्वतः लिहावीत, आणि मांडवात उभे राहून, सर्वांना कळेल अशा भाषेत, स्वतःच्या तोंडाने म्हणावीत. हे मत मी वर्गात बोलून दाखवले तेव्हा निम्मा वर्ग हसला आणि उरलेल्यांनी, 'हे इंग्रजी सिनेमातले खूळ आहे,' असा निकाल दिला. त्या हसणाऱ्यांना आणि निकाल देणाऱ्यांना उत्तर म्हणून हा लेख आहे. एक गोष्ट मात्र आधीच कबूल करते. या विषयात मी तटस्थ नाही. माझ्या महाविद्यालयाची फी अशाच एका वचनातून भरली जाते. ती हकीकत पुढे येईलच.

आधी 'इंग्रजी खुळा'चा विचार करू. इंग्लंडच्या चर्चमध्ये लग्नातले शब्द इंग्रजीत ठरवून दिले गेले ते 1549 च्या प्रार्थनापुस्तकात. ते शब्द सर्वांना सारखेच. पुढे कित्येक पिढ्या वधूने त्यात नवऱ्याची आज्ञा पाळण्याचेही वचन द्यायचे आणि वराने मात्र तसले काही म्हणायचे नाही, असा प्रकार चालू होता. म्हणजे स्वतःचे शब्द स्वतः लिहिण्याची चाल तिकडचीही परंपरा नव्हे. ती परंपरेशी भांडून आलेली आहे. राज्यशास्त्राच्या तासाला आपण ज्या जॉन स्टुअर्ट मिलचे स्वातंत्र्यावरचे विचार अभ्यासतो, त्याने 1851 मध्ये हॅरिएट टेलर या विदुषीशी लग्न करण्यापूर्वी एक निवेदन लिहून ठेवले. त्या वेळच्या कायद्याने बायकोच्या देहावर, मालमत्तेवर आणि वागण्याच्या स्वातंत्र्यावर नवऱ्याला मोठे अधिकार दिलेले होते. हे अधिकार कायद्याने सोडून देण्याची सोय नाही, म्हणून मी त्यांचा निषेध नोंदवतो आणि ते कधीही न वापरण्याचे वचन देतो, असा त्या निवेदनाचा आशय आहे. पुढे 1855 मध्ये अमेरिकेत ल्यूसी स्टोन आणि हेन्री ब्लॅकवेल यांनी तर असा निषेध आपल्या लग्नसमारंभातच वाचून दाखवला. या लोकांनी फुलापाखरांच्या गोष्टी केल्या नाहीत. पैसा, घर आणि अधिकार कोणाच्या हाती राहणार, हे त्यांनी चारचौघांत सांगितले. 'स्वतःची वचने' म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे हे आहे. सिनेमातली दोघे संधिप्रकाशात डोळे मिटून जे पुटपुटतात ते नव्हे.

आता आपल्या घरात डोकावू. सप्तपदीचे सात अर्थ आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? मलाही ताईच्या लग्नापर्यंत सांगता येत नव्हते. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनासाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी आणि सातवे सख्यासाठी. किती जमिनीवरचे आहे पाहा हे! आरंभ अन्नापासून आणि शेवट मैत्रीपर्यंत. ज्याने कोणी हा क्रम लावला त्याला संसार ठाऊक होता. पण हे शब्द वराने वधूला उद्देशून म्हणायचे असतात. त्याच्या वतीने भटजी म्हणतात, आणि वधू मुकाट्याने पावले टाकते. कन्यादानाच्या वेळी वधूपिता वराकडून धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत हिला सोडून वागणार नाही असे वचन घेतो आणि वर 'नातिचरामि' म्हणतो. शब्द मोठा सुंदर आहे. पण तो विचारतो सासरा आणि देतो जावई. ज्या मुलीविषयी हे सारे चालले आहे तिला कोणी काही विचारत नाही आणि तिनेही काही म्हणायचे नसते. म्हणजे वचन देण्याची कल्पना आपल्या लग्नात आहेच. हरवले आहेत ते अर्थ आणि आवाज.

हे हरवलेपण पहिल्यांदा माझ्याच लक्षात आले असा आव मी आणत नाही. जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला भटजीवाचून पहिले सत्यशोधक लग्न लागले. पुढे त्यांनी लिहिलेले 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या निधनानंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील मंगलाष्टका वाचल्या की थक्क व्हायला होते. आपल्या नेहमीच्या मंगलाष्टकांत देवांची, नद्यांची आणि दोन्हीकडच्या आजोबांची नावे असतात. फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. स्त्रियांना स्वातंत्र्याची ओळखच नाही, त्यांचे हक्क देण्याचे वचन द्या, असे वधू मागते आणि वर ते देतो. भर मांडवात, मराठीत, आणि तेही सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी. महाराष्ट्रातील बौद्ध विवाहातही पतीची आणि पत्नीची कर्तव्ये सांगणाऱ्या प्रतिज्ञा वधूवर स्वतःच्या तोंडाने घेतात.

आपल्या या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना तर हे नवे वाटणारच नाही. कुवेंपूंनी 'मंत्रमांगल्य' ही साधी विवाहपद्धती तयार केली आणि 1966 मध्ये त्यांचे चिरंजीव पूर्णचंद्र तेजस्वी यांचे लग्न त्या पद्धतीने लागले. पुरोहित नाही, हुंडा नाही, थाटमाट नाही. जे म्हणायचे त्याचा अर्थ वधूवरांना आणि जमलेल्यांना कळला पाहिजे, हा आग्रह. पुढच्याच वर्षी ज्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला त्या महाकवीला घरच्या लग्नासाठी शब्द शोधत बसावेसे वाटले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिकडे तमिळनाडूत पेरियारांच्या चळवळीतील स्वाभिमान विवाहांना 1967 च्या दुरुस्तीने कायद्याची मान्यता मिळाली. नातलग आणि मित्र यांच्यासमोर, दोघांना कळेल अशा भाषेत, आम्ही एकमेकांना स्वीकारतो असे सांगितले तरी ते लग्न तेथे मान्य होते.

आणि कायद्याचेच म्हणायचे तर 1954 चा विशेष विवाह कायदा देशभर काय सांगतो? समारंभ कोणत्याही पद्धतीने करा. पण विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर, दोघांना कळणाऱ्या भाषेत, मी तुला पती किंवा पत्नी म्हणून स्वीकारतो असे दोघांनीही म्हटल्याशिवाय ते लग्न पुरे होत नाही. सरकारी कचेरीतल्या त्या रुक्ष टेबलापाशी वधूला बोलावेच लागते. आपल्या फुलांनी सजवलेल्या मांडवात मात्र ती न बोलता चालते. हा उलटा न्याय नव्हे काय?

इतिहास पुरे झाला. आता माझ्या घरची हकीकत सांगते.

वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. आई शहापूरला घरीच शिवणकाम करते. ताई पदवीधर झाली, बी. एड. झाली आणि एका माध्यमिक शाळेत लागली. तेव्हापासून घराचे भाडे आणि माझे शिक्षण तिच्या पगारावर चालले आहे. दोन वर्षांपूर्वी तिने आपले लग्न ठरवले ते स्वतःच. भावजी गोकाककडचे, बँकेत नोकरीला. त्यांची घरची भाषा कन्नड, आमची मराठी. जातही निराळी. दोन्ही घरांत जे व्हायचे ते झाले, आणि पाच-सहा महिन्यांनी दोन्ही घरे थकून राजी झाली. लग्न वैदिक पद्धतीने आमच्याकडे करायचे ठरले.

लग्नाला महिना उरला असता एका रात्री ताई वहीत काही लिहीत बसली होती. आजीने विचारले, "काय लिहायलीस गं एवढं?"

"लग्नात बोलायचं ते."

"लग्नात नवरीनं बोलायचं असतंय होय? भाषण हाय काय ते? आमच्या वेळी मान वर केली तरी नावं ठेवायचे."

"म्हणून तर लिहायला लागलंय, आजी."

ताईचा प्रश्न साधा होता. लग्नानंतर आपल्या पगाराचे काय होणार? भावजींनी तिला एकदा, रस्त्याने चालता चालता, "तू पाठवत राहा की, मी कुठं नको म्हणतोय?" असे सांगितले होते. त्यांच्या मनात खोट नव्हती. पण ताईने शाळेतल्या मैत्रिणींची लग्ने पाहिली होती. रस्त्यावर दिलेला होकार घरात पोचेपर्यंत विरून जातो. नवरा विसरत नाही, पण आईसमोर गप्प बसतो. सासू वाईट नसते, पण तिला कोणी काही सांगितलेलेच नसते. मग दर महिन्याच्या एक तारखेला सुनेने चोरासारखे माहेरी पैसे पाठवायचे, किंवा पाठवायचे बंद करायचे. या दोहोंखेरीज तिसरी वाट उघडायची तर ती गोष्ट सर्वांसमोर बोलली गेली पाहिजे, असे ताईने ठरवले.

भावजींनाही तिने लिहायला लावले. त्यांचा पहिला मसुदा तिने आम्हाला वाचून दाखवला तेव्हा आईसुद्धा हसली. त्यात सागर होता, किनारा होता, सात जन्म होते आणि श्वास तर चार वेळा होता. मोबाइलवर कुठेतरी सापडलेले ते भाषांतर होते. ताईने त्यांना फोनवर एवढेच विचारले, "यातलं एखादं मोडलं तर मला कळणार कसं?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटते, वचनाची याहून चांगली कसोटी नाही. जे मोडल्याचे कळतच नाही ते वचन कसले? तो नुसता शब्दांचा हार. संध्याकाळपर्यंत सुकायचाच.

भाषेचा प्रश्न त्याहून अवघड होता. ताईने कन्नडमध्ये बोलावे म्हणजे सासरच्यांना बरे वाटेल, असे मामांचे मत. मराठीतच बोलावे, आपण मुलगी दिली म्हणून भाषा दिलेली नाही, असे काकांचे. आपल्या गावात हा वाद कोठल्या कोठे जाऊ शकतो हे वाचकांना सांगायला नको. शेवटी दोघांनीच तोड काढली. प्रत्येकाने आपल्या भाषेत वचन द्यायचे, आणि ते ऐकणाऱ्याने ते आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगायचे. ताई मराठीत बोलेल आणि ती काय बोलली ते भावजी आपल्या आईला कन्नडमध्ये सांगतील. भावजी कन्नडमध्ये बोलतील आणि ते ताई आमच्या आजीला मराठीत सांगेल. वरवर पाहता ही दुभाष्याची सोय होती. ती खरोखर काय होती हे मांडवात कळले.

भटजींना ताईने आधीच भेटून विचारले होते. ते म्हणाले, "सप्तपदी झाली की माझं काम झालं. पुढं तुम्ही खुशाल बोला, फक्त जेवणाला उशीर करू नका." पण त्या दिवशी त्यांनी आपण होऊन प्रत्येक पावलाचा अर्थ आधी मराठीत आणि मग मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगितला. मांडवातली कुजबुज त्यामुळे थोडी कमी झाली होती. मग ताई उभी राहिली. हातात घडी घातलेला वहीचा कागद होता. तो थरथरत होता हे मला पाठीमागूनही दिसत होते.

तिने तीन वचने दिली. तुमची भाषा मी वर्षभरात एवढी शिकेन की आईंना माझ्याशी बोलायला मध्ये माणूस लागणार नाही. घरातला पैशाचा कोणताही व्यवहार मी तुमच्यापासून लपवणार नाही. आणि तिसरे असे, "मी दरमहा सहा हजार रुपये माझ्या आईला पाठवीन, धाकटीचे शिक्षण पुरे होईपर्यंत, आणि त्यानंतर आईला लागेल तेवढे, ती आहे तोवर. हे मी तुमची परवानगी म्हणून मागत नाही. तुमच्या माहितीने आणि तुमच्या साथीने करते."

आमच्या बाजूला एकदम शांतता पसरली. काकांनी खाली पाहिले. आईने पदर तोंडाला लावला. ती संकोचाने अर्धमेली झाली होती हे मला माहीत आहे. पलीकडच्या बाजूला मात्र अजून काही कळलेले नव्हते. ते आता भावजींना सांगायचे होते.

ते आपल्या आईकडे वळले. पहिली दोन वचने त्यांनी भरभर सांगितली. भाषा शिकण्याचे ऐकून तिकडच्या बायका कौतुकाने हसल्याही. तिसऱ्यापाशी ते थांबले. तो थांबा किती सेकंदांचा होता कोण जाणे, मला तो एका तासिकेएवढा वाटला. मग त्यांनी ते सांगितले, रकमेसकट. आणि शेवटी एक वाक्य स्वतःचे जोडले, की मी याला कबूल आहे, उद्या यावरून घरात बोलणे झाले तर ते माझ्याशी व्हावे. त्या क्षणी माझ्या ध्यानात आले की वचन ताईने दिले होते खरे, पण बांधले गेले होते भावजी. रस्त्यावर दिलेला होकार त्यांनी आपल्या भाषेत, आपल्या आईच्या तोंडावर, तीनशे माणसांसमोर पुन्हा दिला होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि समोर पाहत राहिल्या.

मग भावजींची पाळी. आता सागर नव्हता आणि श्वासही नव्हता. ते म्हणाले, मला राग आला की मी दोन-दोन दिवस बोलत नाही. ही आमच्या घरातली जुनी सवय आहे. ती मी मोडीन. भांडण झाले त्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी मी बोलेन. आणि बँकेने बदली केली तर तुला विचारल्याशिवाय होकार देणार नाही. ताईने ते आजीला मराठीत सांगितले. आजी मोठ्याने म्हणाली, "एवढं पाळलंस तर देव पावला बघ!" आणि दोन्ही बाजू हसल्या. कन्नड बाजूला ते वाक्य कोणी भाषांतर करून सांगितले नव्हते, तरी त्या हसल्या.

लग्नाला आता सव्वा वर्ष झाले. सगळे सोन्यासारखे झाले असे मी लिहिणार नाही. पहिले दोन महिने सासूबाई ताईशी कामापुरतेच बोलत होत्या. ही गोष्ट घरात बसून सांगता आली नसती काय, हा त्यांचा राग होता, आणि तो अगदीच गैर होता असेही मला वाटत नाही. भावजी दोनदा तरी रात्रीच्या जेवणानंतरही बोललेले नाहीत. पण दोन्ही वेळा ताईने कपाटातला तो कागद काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. न दिलेले वचन असे ताटाशेजारी ठेवता येत नाही! ताईच्या कन्नडला अजून तिच्या वर्गातली मुले हसतात. मात्र गेल्या जूनमध्ये शाळेचा पगार लांबला होता तेव्हाची एक गोष्ट तिने मला सांगितली. सासूबाई स्वयंपाकघरातून तिला म्हणाल्या, "निम्मव्वग रोक्क कळिसिदेनवा?" तुझ्या आईला पैसे पाठवलेस का, असे त्या विचारत होत्या. आणि पगार झाला नाही हे कळल्यावर त्यांनी तांदळाच्या डब्यातून दोन हजार रुपये काढून दिले. जे आपल्यासमोर बोलले गेले त्याचे साक्षीदारही राखणदार होतात, ते असे.

या मतावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. घरातल्या गोष्टी मांडवात कशाला, हा पहिला. सगळ्याच गोष्टी मांडवात आणू नयेत हे मान्य. पण हुंडा, मानपान, आहेर, याद्या यांची बोलणी आपण वर्षानुवर्षे दहा माणसे बसवून करत आलो आहोत. देण्याघेण्याच्या वेळी जी माणसे बोलावली जातात, त्यांच्यासमोर सुनेच्या पगाराचा शब्द काढला तरच घराची अब्रू कशी जाते? दुसरा आक्षेप असा, की हा एक देखावा होईल. लोक छायाचित्रकारासाठी वचने देतील. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. पण सप्तपदीचाही आता देखावा झालाच आहे. छायाचित्रकार सांगतो म्हणून वधूवर तेच पाऊल दोनदा टाकतात. देखावा शब्दांनी होत नाही, अर्थ उडाल्याने होतो. तिसरा आक्षेप आमच्या प्राध्यापकांचा, की परंपरेच्या शब्दांना जे वजन असते ते कालच्या वहीतल्या शब्दांना कोठून येणार? याचा मी फार विचार केला. मला वाटते, दोन्ही हवेत. जुने शब्द आपल्याला मागच्यांशी जोडतात, नवे शब्द समोरच्याशी. ताईने सप्तपदी टाकून दिली नाही. तिने त्यापुढे एक पाऊल टाकले.

ज्यांची लग्ने जवळ आली आहेत त्यांच्यासाठी, अनुभवाचे म्हणून, चार शब्द. कायद्याला लागणारा विधी किंवा नोंदणी सोडू नका. तुमची वचने ही त्याच्या जोडीला आहेत, त्याऐवजी नाहीत. वचने तीनच असू द्या. त्याहून जास्त पाळवत नाहीत आणि ऐकणाऱ्यांना लक्षातही राहत नाहीत. पुढच्या महिन्यात मोडले तर कळेल असेच लिहा. दोघांनी एकमेकांचे मसुदे आधी वाचा. मांडव ही धक्का देण्याची जागा नव्हे, आणि ज्यांच्यावर त्या वचनाचा भार पडणार आहे त्या मोठ्या माणसांच्या कानावरही ते आधी घाला. ताईकडून तेवढे राहिले, आणि त्याचे दोन महिने तिने भोगले. पाठ करू नका, कागदावरून वाचा. पाठ केलेले ऐन वेळी विसरते आणि वाचलेले खरे वाटते. भाषा घरातली असू द्या. जे वाक्य तुम्ही स्वयंपाकघरात उच्चारणार नाही ते मांडवातही उच्चारू नका. आणि लग्न दोन भाषांत होणार असेल तर दुसऱ्याचे वचन आपल्या माणसांना आपण स्वतः सांगा. ते काम निवेदकावर सोपवू नका. ते सांगताना जेथे तुमची जीभ अडखळेल, तेथेच तुमच्या संसाराची अवघड जागा आहे असे समजा. ती आधी कळलेली बरी.

आमच्या आजीच्या लग्नात तिने मान वर केली नव्हती. आईच्या लग्नात तिने एक उखाणा घेतला होता, तो तिला अजून पाठ आहे. ताई तीन वचने बोलली. माझ्या लग्नाचा विषय अजून निघालेला नाही आणि इतक्यात निघू नये अशीच माझी इच्छा आहे. पण या सहामाहीची फी भरून पावती घेताना माझ्या मनात आले, की माझ्या बहिणीने भर मांडवात थरथरत्या हाताने जो कागद वाचला, त्याचीच ही पावती आहे. निदान माझ्यापुरता तरी, वधूवरांनी लग्नात बोलावे काय, हा प्रश्न सुटला आहे. वाचकांनीही त्याचा विचार करावा, एवढीच विनंती.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. अंतिम वर्ष